षड्ज सांभाळायचा कुणी?

गाणं संपलं तेव्हा आम्ही सगळे स्वतःवर बेहद्द खूश होतो. पुण्यातल्या एका शाळेचा रिकामा वर्ग, रविवारची संध्याकाळ, आणि लहान मुलांच्या बाकांवर कशीबशी मावलेली अठरा मोठी माणसं. दहा बायका, आठ पुरुष. पेटी नाही, तानपुरा नाही, तबला नाही. कार्ल निल्सन या डॅनिश संगीतकाराचं एक साधंसं गाणं, चार आवाजांत मांडलेलं. कुठेही न अडखळता ते पार पडलं होतं. शिकवणाऱ्या ताईंनी पर्समधून नादकाटा काढला, गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला आणि आमच्याकडे बघून नुसत्या हसल्या. काळी एकमध्ये सुरू केलेलं गाणं आम्ही पांढरी एकमध्ये आणून संपवलं होतं. अख्खं एक घर खाली. अठरापैकी एकालाही त्याचा पत्ता नव्हता, कारण उतरलो होतो ते सगळे मिळून, घाटात गाडी न्यूट्रलमध्ये सोडावी तसे.

घाट म्हटलं की मला वरंधाच आठवतो. आमचं मूळ घर हिर्डोशी खोऱ्यातलं. भोरहून महाडला जाणारा रस्ता नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने वळत वळत घाटाकडे जातो, त्या वाटेवरचं. जुन्या कागदांत या मुलखाचं नाव हिर्डस मावळ. बाजीप्रभू देशपांड्यांचं शिंद गाव याच मावळातलं. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत पहाटे जाग यायची ती जात्याच्या घरघरीने. आजी आणि काकी समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात लावून दळत असायच्या आणि गात असायच्या. तिथेही पेटी नव्हती, तानपुरा नव्हता. नादकाटा तर नव्हताच. त्यांचा सूर पडत होता का, हा प्रश्न मला त्या रविवारपर्यंत कधी पडला नव्हता. आधी डेन्मार्कचं सांगतो, मग त्याच्याकडे येतो.

डेन्मार्क म्हटलं की आपल्याला हॅन्स अँडरसनच्या परीकथा आठवतात. फार तर लार्सन अँड टुब्रो आठवते. १९३८ साली मुंबईत दोन डॅनिश इंजिनियरांनी काढलेली कंपनी. देश लहान, लोकवस्ती साधारण साठ लाख, म्हणजे पुणे जिल्ह्याहूनही कमी. डोंगर नावालाच. त्यांचं सगळ्यात उंच नैसर्गिक ठिकाण १७१ मीटरही भरत नाही. आमच्या भोर तालुक्यातलं रायरेश्वराचं पठार १३०० मीटरच्या वर आहे. पण या सपाट देशाने वाद्यांशिवाय, निव्वळ गळ्यांनी गायच्या संगीतात जे करून ठेवलंय ते त्याच्या आकाराला न शोभण्याइतकं मोठं आहे.

या प्रकाराला युरोपात ‘आ कापेला’ म्हणतात. शब्द इटालियन, अर्थ ‘चॅपलच्या धाटणीचं’, म्हणजे देवघरात गातात तसं. दगडी भिंती, उंच छत, आणि एकदा उमटलेला सूर दोन-चार सेकंद तरी हवेत राहतो अशी जागा. हे समजायला युरोपात जायला नको. एखाद्या जुन्या शिवालयाच्या गाभाऱ्यात एकट्याने ‘ॐ’ लावून बघावा. आपलाच आवाज आपल्याला साथ करायला परत येतो. अशा जागेत वाद्याची उणीव भासत नाही. शाळेच्या वर्गात, पंख्याच्या घरघरीत, ती चांगलीच भासते.

डेन्मार्कच्या या परंपरेतलं पहिलं मोठं नाव सतराव्या शतकातलं, मोन्स पेडरसन. राजा चौथा ख्रिश्चन हा संगीताचा भलताच शौकीन. इंग्लंडचा प्रसिद्ध ल्यूटवादक जॉन डाउलंड काही वर्षं त्याच्या पदरी होता. या राजाने पेडरसनला व्हेनिसला जिओव्हानी गाब्रिएलीकडे शिकायला धाडलं. शिकून आल्यावर पेडरसनने १६२० साली छापलेल्या संग्रहात डॅनिश भाषेतली साधी भक्तिगीतं पाच आवाजांत बांधलेली आहेत. चाल गावातल्या माणसाच्या ओठांवरची, आणि तिच्याभोवतीचं विणकाम व्हेनिसचं. पुढच्या चारशे वर्षांत डॅनिश संगीतकारांना या जोडणीने पुन्हा पुन्हा भुरळ घातलेली दिसते. त्यांची उत्तम समूहगीतं फार दिमाखदार नसतात. साध्या चालीला हात न लावता तिच्या अवतीभवती काय करता येईल, याचा शोध त्यात असतो.

मधली दोन शतकं सोडून देतो. एकोणिसाव्या शतकात कोपनहेगनात हौशी मंडळींचे गायनसंघ उभे राहिले. आधी पुरुष विद्यार्थ्यांचे, मग स्त्री-पुरुषांचे. त्याआधी चर्चमध्ये वरच्या पट्टीतले भाग बहुतेक कोवळ्या आवाजाची मुलंच गात. बायका आणि पुरुष एकत्र उभे राहून चार भागांत गाणार, ही आज सहज वाटणारी गोष्ट तशी अलीकडची आहे. १८५१ साली हेन्रिक रुंग यांनी जुनं इटालियन समूहसंगीत पुन्हा गावं म्हणून कोपनहेगनात एक मंडळी स्थापन केली. पण डेन्मार्कच्या गाण्याचं खरं मूळ शहरात नाही, ते खेड्यात आहे.

त्याला कारणीभूत झाला ग्रुन्टविग नावाचा पाद्री-कवी, १७८३ ते १८७२ हा त्याचा काळ. शेतकऱ्याच्या पोराला परीक्षा आणि घोकंपट्टीचं शिक्षण नको, आपली भाषा, आपला इतिहास आणि आपलं गाणं शिकवा, असा त्याचा आग्रह. त्याच्या विचारावर पहिलं ‘लोकविद्यालय’ १८४४ साली रोडिंग या गावी निघालं. मुलं हिवाळ्यात तिथेच राहायची आणि दिवसाची सुरुवात एकत्र गाण्याने व्हायची. या विद्यालयांचा गीतसंग्रह १८९४ साली निघाला; त्याची एकोणिसावी आवृत्ती २०२० साली आली, तिच्यात सहाशे एक गाणी आहेत. आपल्याकडे घरोघरी हरिपाठ किंवा मनाचे श्लोक असतात, तसं तिथे हे पुस्तक. २०२०च्या मार्चमध्ये कोरोनाने सगळे घरात कोंडले गेले तेव्हा फिलिप फाबर नावाचा गायनसंघाचा संचालक रोज सकाळी टीव्हीवर पियानोशी बसून देशाला गाणी म्हणायला लावायचा. लोक आपापल्या स्वयंपाकघरात उभे राहून गायचे.

असं एकत्र गाणं मुळात एकसुरी, म्हणजे सगळ्यांची चाल एकच. चार आवाजांची गरज का पडते, हे त्यातूनच कळतं. आपल्याकडेही शाळेत प्रार्थना होते तेव्हा मुलींना जमणारी पट्टी मुलांच्या गळ्याला जड जाते आणि उलट. पुरुषाचा ‘सा’ काळी एक-दोनला, बाईचा काळी चार-पाचला. दोघांनी एकत्र गायचं तर एकाने ओरडायचं किंवा दुसऱ्याने पुटपुटायचं. संगीत नाटकांतल्या द्वंद्वगीतांत हा घोळ कायमचा. युरोपाने यातून वाट काढली ती अशी: एकच चाल सगळ्यांना द्यायची नाही. उंच आवाजाच्या बायकांना एक ओळ, खालच्या आवाजाच्या बायकांना दुसरी, उंच पुरुषांना तिसरी, खर्जातल्यांना चौथी. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास. प्रत्येकाने आपल्या गळ्याच्या सोयीच्या भागात राहायचं, आणि चार ओळी एकमेकींना भिडतील त्या क्षणी कानाला गोड लागेल अशी त्यांची आखणी करायची. मिश्र गायनसंघ म्हणजे एवढंच. म्हटलं तर तो पट्टीच्या भांडणावरचा तोडगाच आहे.

गोव्यातल्या मांडोमध्ये आपल्या शेजारीच याची छोटी आवृत्ती ऐकायला मिळते. दोन आवाज, एक वर आणि एक खाली, हातात हात घालून चालतात. मात्र त्याला घुमट आणि व्हायोलिन असतं. मुंबईत सलील चौधरींनी १९५८ साली ‘बॉम्बे यूथ कॉयर’ उभा केला तेव्हा चित्रपटसृष्टीतल्या भल्याभल्या गळ्यांना त्यांनी असं भागाभागांत गायला लावलं. आपल्या शास्त्रीय संगीताला मात्र या वाटेचं कधी वावडं नसलं तरी ओढही नव्हती. आपला एकटा गवई रागाच्या आत इतका खोल जातो की शेजारी दुसरी चाल चालायला लागली तर त्याला अडचणच व्हायची.

आता सुराच्या गणिताकडे येतो. हा लेख लिहायला बसलो तो खरं तर त्यासाठीच.

तानपुऱ्याच्या तारा नीट जुळल्या की एक चमत्कार होतो. कुणीही न छेडलेला गंधार त्यातून आपोआप ऐकू यायला लागतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. षड्जाशी त्याचं नातं पाचास चार. पेटीवरचा गंधार याच्यापेक्षा थोडा चढा असतो, कारण पेटीचं सप्तक बारा सारख्या घरांत कापलेलं असतं. एका घराचे शंभर भाग केले तर हा फरक साधारण चौदा भागांचा. ऐकणाऱ्याला तो कळतो, पण नेमकं काय खटकतंय हे सांगता येत नाही. आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केलं आणि ते १९७१पर्यंत बंदच राहिलं, त्यामागच्या वादात पेटीच्या या ठोकळेबाज सुरांचा मोठा वाटा होता.

वाद्याविना गाणारा चांगला गायनसंघ नेमका हा स्वयंभू गंधारच लावत असतो. पेटी नाही म्हणजे पेटीची घरंही नाहीत. कान ओढ घेतात शुद्ध अंतराकडे. चार आवाज असे शुद्ध जुळले की खोलीत पाचवाच आवाज असल्याचा भास होतो. आमच्या त्या वर्गात असं दोनदा झालं होतं. एकदा एका गृहस्थांनी मागे वळून बघितलं, मागे कोण उभं आहे म्हणून.

आणि गाणं खाली घसरतं तेही याच शुद्धतेपायी. ते असं. ‘सा’ची कंपनं सेकंदाला २४३ धरा. तिथून खाली धैवतावर शुद्ध अंतराने उतरा: २०२.५. धैवतावरून वर रिषभावर जा: २७०. रिषभावरून पंचमावर: ३६०. पंचमावरून परत खाली षड्जावर या. किती आले? २४०. निघालो २४३वरून, पोचलो २४०वर. वाटेत एकही पाऊल चुकलेलं नाही; प्रत्येक अंतर कानाला तंतोतंत शुद्ध. तरी घरी परतलो ते एक पायरी खालच्या घरात. युरोपातल्या गाण्यात आधाराचे सूर याच क्रमाने सर्रास फिरतात. असे पाच फेरे झाले की ‘सा’ एका घरापेक्षाही थोडा जास्त खाली गेलेला असतो. काळी एकची पांढरी एक! आमच्या अठरा जणांच्या अब्रूवर हा उतारा मला फार सोयीचा वाटला. ताईंनी तो फारसा मानला नाही. त्यांच्या मते आम्ही दमलो होतो, आणि खाली येणाऱ्या ओळीत प्रत्येक जण एकेक पायरी जरा जास्तच मोठी घेत होता. दोन्ही खरं असावं.

२४३ आणि २४०मधल्या या फटीला, म्हणजे ८१ आणि ८० यांच्या गुणोत्तराला, आपल्याकडे नाव आहे: प्रमाण श्रुती. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी दोन वीणा घेऊन, एक तशीच ठेवून आणि दुसरी थोडी थोडी उतरवत नेऊन जो प्रयोग सांगितलाय, त्यातलं पहिलं उतरवणं एवढंच असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. भरतांनी एक वीणा अचल ठेवली. गवयाच्या मागे तानपुरा असतो तोही त्यासाठीच. गवई कुठेही भटकला तरी त्याचा षड्ज हलत नाही. गायनसंघाकडे अशी अचल वीणा नसते. त्यांचा षड्ज माणसांत वाटलेला असतो, आणि माणसं चालतात तसा तोही चालतो. सोळाव्या शतकात इटलीतल्या बेनेदेत्ती या गणितज्ञाने हेच गणित मांडून दाखवलं होतं, की सगळी अंतरं शुद्ध ठेवायची आणि षड्जही जागेवर ठेवायचा, या दोन गोष्टी एकदम जमायच्या नाहीत. मुरलेले गायक मग काय करतात? थोडी लबाडी. सूर जिथे थांबतात तिथे अंतर शुद्ध ठेवायचं, आणि एका थांब्यावरून दुसऱ्याकडे जाताना पाऊल किंचित लांब-आखूड टाकायचं. हे कुणी मोजून करत नाही. शेजारच्याचं ऐकत ऐकत ते होतं.

शेजारच्याचं ऐकणं हा निल्सनचाही हातखंडा असावा. जन्म १८६५, फ्यून बेटावरच्या एका खेड्यात. वडील रंगकाम करायचे आणि लग्नाकार्यांत फिडल वाजवायचे. पोरगा लहानपणी बदकं राखायला जायचा आणि मग बापाबरोबर वाजवायला. पुढे तो मोठा सिम्फनीकार झाला, पण १९१५च्या सुमाराला थॉमस लाउब या मित्राबरोबर त्याने ठरवून साध्या चाली बांधायला घेतल्या, कुणालाही गाता येतील अशा. १९२२ साली दोघांनी आणखी दोन सहकाऱ्यांबरोबर लोकविद्यालयांसाठी चालींचं पुस्तकच काढलं. निल्सनच्या काही चाली आज डॅनिश लोकांना लोकगीतंच वाटतात, आणि मला वाटतं कुठल्याही संगीतकाराला मिळू शकणारं हे सगळ्यात मोठं बक्षीस.

त्याच १९२२ साली मोन्स वोल्डिके या तरुणाने कोपनहेगनात ‘पॅलेस्ट्रिना गायनसंघ’ काढला. पॅलेस्ट्रिना हा सोळाव्या शतकातला रोमचा संगीतकार. आवाज एकमेकांत कसे विणावे याचा तो मानदंड. निल्सनचाच एक शिष्य, क्नुद येप्पेसेन, पॅलेस्ट्रिनाच्या स्वररचनेतलं एकेक पाऊल तपासत बसला होता. कुठला सूर कुठल्या सुरावर कसा उतरतो, विसंवादी सूर किती वेळ टिकतो, उडी घेतली की मग कुठे वळतात. येप्पेसेनचं १९३०चं पाठ्यपुस्तक पुढे इंग्रजीत गेलं आणि जगभरच्या विद्यार्थ्यांनी रोमचं व्याकरण एका डॅनिश माणसाकडून शिकून घेतलं. आपल्याकडे भातखंड्यांनी घराण्याघराण्यांतून चिजा मिळवून, तपासून, छापून काढल्या, त्या जातीचं हे काम.

अशा वातावरणात १९२९ साली निल्सनने वोल्डिकेच्या मंडळींसाठी तीन मोटेट लिहिली. ती १९३० साली गायली गेली. मोटेट म्हणजे धर्मग्रंथातल्या एखाद-दोन ओळींवर बांधलेली, आवाज एकमेकांमागून शिरत जातात अशी रचना. शब्द लॅटिन, बायबलच्या स्तोत्रांतले. पहिलं दुःखाने वाकलेल्या माणसाचं. दुसरं मेंढपाळाच्या त्या प्रसिद्ध तेविसाव्या स्तोत्राचं. तिसरं आभाराचं. एकच ओळ एक आवाज उचलतो, तो अर्ध्यावर असताना दुसरा तीच ओळ वेगळ्या जागेवरून उचलतो, मग तिसरा. दिंडीत पुढच्या टाळकऱ्यांचा चरण संपत असतो तेव्हा मागच्यांचा नुकताच सुरू झालेला असतो आणि मधे उभ्या असलेल्याला दोन्ही एकदम ऐकू येतात, तसं काहीसं. दिंडीत ते अंतरामुळे होतं. इथे तो गोंधळ मोजून-मापून रचलेला असतो. मेंढपाळाचं स्तोत्र मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला शब्द कळत नव्हते, पण वाघरं उठवून चाललेला धनगरांचा तळ डोळ्यांपुढे आला. एक मेंढरू हललं की दुसरं, मग सगळाच कळप, आणि कुणी कुणाला हाकत नाही.

निल्सननंतरची माणसंही सांगण्यासारखी आहेत, पण दोघांवरच थांबतो. एक वाउन होल्मबो, १९०९ ते १९९६. तेरा सिम्फन्या लिहिणारा हा माणूस वाद्याविना गायनसंघासाठी लॅटिन स्तोत्रांचा एक मोठा संच वर्षानुवर्षं लिहीत राहिला. पण मला तो आवडतो दुसऱ्याच कारणासाठी. कोपनहेगनच्या रस्त्यांवर मासळीवाले, भाजीवाले ज्या हाळ्या द्यायचे, त्या त्याने सुरांसकट टिपून घेतल्या आणि त्यांच्या रचनेवर पुस्तक लिहिलं. बोहारणीच्या किंवा कल्हईवाल्याच्या हाळीतला कोमल निषाद आपल्यातल्या किती जणांनी लिहून ठेवला असेल?

दुसरा पेर नॉरगॉर, १९३२ला जन्मलेला, २०२५च्या मे महिन्यात गेला. बुद्धाच्या आयुष्यावर ‘सिद्धार्थ’ नावाचा ऑपेरा लिहिणारा माणूस. १९७९ साली त्याने कोपनहेगनजवळच्या एका संग्रहालयात अडॉल्फ वोल्फ्लीची चित्रं पाहिली. वोल्फ्ली हा स्वित्झर्लंडचा. आयुष्याचा मोठा भाग वेड्यांच्या इस्पितळात काढलेला, आणि तिथे बसून हजारो पानं चित्रांनी, शब्दांनी, स्वतःच्या चिन्हांतल्या संगीताने भरून काढलेला. त्याच्या शब्दांवर नॉरगॉरने ‘लहान मुलासारखं’ अशा अर्थाच्या नावाची रचना केली. सुरुवात पाळण्याने होते, मधे रिल्केची वसंताची कविता, आणि शेवट शोकयात्रेने, जिच्या नावातच एका अपघाताचा उल्लेख आहे. पाळणा म्हटल्यावर आपल्या कानात जे येतं तसं हे नाही. झोका आहे, पण झोका देणाऱ्या हाताचा भरवसा वाटत नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने दिवे लावून ऐकावं.

हे सगळं गाणारी आज तिथे दोन मुख्य मंडळी आहेत. डॅनिश नभोवाणीची अठरा गायकांची तुकडी, आणि १९७९ साली बो होल्टेन यांनी स्थापन केलेली ‘आर्स नोव्हा’. दोन्ही व्यावसायिक. पण त्यांच्या मागे गावोगावच्या हौशी मंडळ्यांचं जे रान आहे, त्यातूनच ही झाडं उंच झाली आहेत.

आता हिर्डोशी.

महाराष्ट्रात वाद्यांशिवाय गायचं काम बायकांकडे आलं, असं माझं मत झालंय. पुरुषांच्या भजनाला टाळ, पखवाज, वीणा. पोवाड्याला डफ आणि तुणतुणं. गोंधळाला संबळ. बायकांच्या ओव्या, झिम्मा-फुगडी, भोंडला, मंगळागौर, पाळणा, लग्नातली हळदीची गाणी, भातलावणीच्या चिखलात वाकून म्हटलेली गाणी: सगळं निव्वळ गळ्यावर, फार तर टाळीवर. वाद्य विकत घ्यायला पैसे आणि वाजवायला मोकळे हात लागतात, आणि बायकांचे हात कधी मोकळे नव्हते. साथ करायला कामच असायचं. जात्याची घरघर ही तानपुऱ्यासारखी नव्हे. तिला नेमका सूर नसतो. पण लय असते, आणि पाळू फिरताना खुंट्यावरच्या हाताला जो झोल बसतो तो ओवीच्या चरणात उतरतो. एकीने ओवी काढायची, दुसरीने ती झेलायची. झेलणारीने उचललेला सूर पहिलीच्या सुरापेक्षा किंचित वेगळा असला तर पुढच्या ओवीला पहिली तिच्याकडे सरकते. मुरलेल्या गायनसंघांची ती लबाडी, तीच ही.

या ओव्या हवेत विरून गेल्या असत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या दोघांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी पट्ट्यातून सुरुवात करून महाराष्ट्रभरच्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल हे नव्वदच्या दशकात ध्वनिमुद्रणासाठी त्यांना येऊन मिळाले. हे बेल संगणकाचे जाणकार आणि त्याआधी भारतीय संगीतातल्या श्रुतींच्या मोजमापात रमलेले. म्हणजे भरताच्या दोन वीणांवर डोकं चालवणारा माणूस खांद्यावर यंत्र घेऊन मावळात जात्यापाशी येऊन बसला होता. या ओव्या आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात कुणालाही ऐकता येतात. शब्दांसाठी लोक त्या ऐकतात आणि ते बरोबरच आहे. सीता, माहेर, भाऊ, बाबासाहेब, सगळं त्यात आहे. पण कधी दोन गळ्यांमधल्या फटीसाठी ऐकून बघा.

गेल्या दिवाळीत मी गावी गेलो तेव्हा काकीला म्हटलं, ओवी म्हण. ती म्हणाली, ‘अशी कशी म्हनू? हातात खुटा नगं व्हय?’ जातं पडवीत उलटं पडलं होतं, पाळूवर कुंड्या ठेवलेल्या. कुंड्या काढल्या, तळी पुसली, चुलतबहिणीने अर्धी पायली नाचणी आणली. दोघी बसल्या. काकीला नीट मांडी घालता येत नाही आता, एक पाय लांब करून बसली. पहिली मूठ वैरली, जातं दोनदा अडलं, मग चालायला लागलं, आणि त्यासरशी ओवी सुरू झाली. कुठल्या पट्टीत सुरू करायचं हे कुणी कुणाला विचारलं नाही. मी हळूच मोबाइलवर सूर दाखवणारं ॲप लावलं आणि पहिल्या ओवीचा सूर टिपून ठेवला. बहीण मधेमधे शब्द विसरायची. काकी न थांबता नुसत्या मानेने तिला पुढचा चरण दाखवायची. वीसेक मिनिटांनी नाचणी संपत आली. मी पुन्हा फोनमध्ये बघितलं. घसरणं तर सोडाच, दोघी जवळजवळ एक घर वर गेल्या होत्या.

काकीचं लक्ष गेलं. ‘काय बघतूस त्या फोनमधी मगाधरनं?’

‘काकी, तुझा सूर चढलाय.’

‘मग?’ तिने कडेचं पीठ हाताने आत लोटलं. ‘दळान सरत आलं, जातं हलकं झालं. आता न्हाय चढायचा तर कवा चढायचा?’